हायकोर्टात पडून राहिलेले वाइंडिंग-अपचे दावे : ते आता कोठे आहेत?

कंपनीकडे मालाचे पैसे अडकले, वकिलाने मुंबई हायकोर्टात वाइंडिंग-अपची याचिका घातली, पहिली दोन-चार वर्षे तारखा पडल्या, मग वकीलसाहेबांचा फोन येणे बंद झाले आणि पुढे काय झाले हे आपल्याला ठाऊक नाही, असे सांगणारे व्यापारी आजही भेटतात. बोळिंजमध्ये राहून काळबादेवी, भिवंडी आणि उल्हासनगरशी कापडाचा व्यवहार करणारे आमच्यासारखे जे लोक आहेत, त्यांच्यापैकी काहींनी अलीकडे हाच प्रश्न विचारला. एकाला तर वकिलाने एवढेच सांगितले होते की, "तुमची केस ट्रान्सफर झाली." कोठे झाली, कशासाठी झाली आणि त्यामुळे पैशाचे काय होणार, याचा खुलासा कोणी केला नव्हता. म्हणून हा विषय जरा तपशिलाने मांडत आहे. वकिलाचा सल्ला घ्यावाच, पण वकिलाकडे जाताना काय विचारायचे हे आपल्याला माहीत असावे.

प्रथम जुनी पद्धत लक्षात घ्यावी. कंपनी कायदा, १९५६ च्या कलम ४३३ मध्ये कंपनी गुंडाळण्याची जी कारणे दिली होती, त्यातले एक कारण होते "कर्ज फेडण्यास असमर्थ". ही असमर्थता सिद्ध करण्याची युक्ती कलम ४३४ मध्ये होती. ५०० रुपयांहून अधिक येणे असलेल्या माणसाने कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयावर नोटीस पाठवायची, तीन आठवडे थांबायचे, आणि पैसे आले नाहीत तर कंपनी असमर्थ आहे असे कायद्याने मानले जाई. मग हायकोर्टात याचिका. कोर्टाने ती दाखल करून घेतली की वर्तमानपत्रात जाहिरात देण्याचा हुकूम होई, आणि जाहिरात छापून आली की बँका कंपनीकडे संशयाने पाहू लागत.

त्या जाहिरातीच्या धाकानेच पुष्कळ मालक तडजोडीला येत, हे बाजारातल्या प्रत्येकाला माहीत होते. वाइंडिंग-अप ही वसुलीची सोय नव्हे, असे न्यायालयांनी अनेकदा बजावले. तरी व्यवहारात तिचा उपयोग दंडुक्यासारखाच झाला. मला त्यात फारसे गैर वाटत नाही. लहान माणसाजवळ दुसरा दंडुका होता कोठे? अडचण एवढीच की जो कर्जदार धाकाला बधत नसे, त्याच्या बाबतीत याचिका वर्षानुवर्षे पडून राही. शेवटी हुकूम झालाच तर सरकारी लिक्विडेटर कारखान्याला कुलूप लावी, यंत्रे गंजत, आणि कामगार व धनको, म्हणजे ज्यांचे येणे आहे ते सर्व, वाट पाहत बसत.

हा घोळ सरकारलाही दिसत होता. न्यायमूर्ती एराडी यांच्या समितीने २००० साली अहवाल दिला आणि कंपन्यांच्या कामासाठी वेगळे न्यायाधिकरण असावे असे सुचवले. २००२ मध्ये तसा कायदाही झाला, पण त्याला आव्हान मिळाले, सुप्रीम कोर्टाचा निकाल २०१० मध्ये आला, आणि राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरण, ज्याला सगळे एनसीएलटी म्हणतात, ते प्रत्यक्षात १ जून २०१६ रोजी स्थापन झाले. त्याच वर्षी नादारी व दिवाळखोरी संहिता मंजूर झाली आणि १ डिसेंबर २०१६ पासून तिची मुख्य कलमे अमलात आली. कर्ज फेडता न येण्याच्या कारणावरून कंपनीविरुद्ध नवी याचिका हायकोर्टात घालण्याचा रस्ता त्याच महिन्यात बंद झाला.

नव्यांचे ठीक, जुन्यांचे काय? आपला मुद्दा येथे सुरू होतो.

केंद्र सरकारने डिसेंबर २०१६ मध्ये प्रलंबित प्रकरणांच्या बदलीचे नियम काढले. नियम ५ प्रमाणे फैसला एका साध्या गोष्टीवर ठेवला होता : याचिकेची प्रत समोरच्या कंपनीवर बजावली गेली आहे की नाही? बजावली नसेल तर प्रकरण एनसीएलटीकडे जाणार. बजावली असेल तर ते हायकोर्टातच राहणार आणि जुन्या कायद्याने चालणार. बजावणी म्हणजे नेमकी कोणती, याचिका दाखल करून घेण्यापूर्वीची की नंतरची, यावर लगेच वाद झाला. वेस्ट हिल्स रिअल्टी विरुद्ध नीलकमल रिअल्टर्स टॉवर या प्रकरणात मुंबई हायकोर्टाने २३ डिसेंबर २०१६ रोजी सांगितले की दाखल करून घेण्यापूर्वीची बजावणी पुरेशी आहे. पुढे जानेवारी २०१९ मध्ये फोरेच इंडियाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने मुंबईचीच बाजू बरोबर धरली.

बदली होणाऱ्या प्रकरणांना मात्र एक अट होती, आणि अनेकांचे नुकसान तिच्यात झाले. याचिकाकर्त्याने नव्या संहितेप्रमाणे लागणारी सगळी माहिती नव्या नमुन्यात एनसीएलटीपुढे सादर करायची होती. पहिली मुदत ६० दिवसांची होती, ती वाढत वाढत शेवटी १५ जुलै २०१७ पर्यंत आली. त्या दिवसापर्यंत कागद गेले नाहीत तर याचिका आपोआप संपुष्टात, म्हणजे ॲबेट. कोणी निकाल दिला नाही, कोणी ती फेटाळली नाही, ती फक्त संपली. संहितेखाली नव्याने अर्ज करण्याची मुभा होती. पण ती वापरणाऱ्याला आपली जुनी याचिका संपली आहे हे कळायला तरी हवे होते. तेव्हा ज्यांची याचिका २०१६ पूर्वीची आहे आणि ज्यांना नंतर काही कळले नाही, त्यांनी पहिली चौकशी हीच करावी : बजावणी झाली होती का, आणि झाली नसेल तर १५ जुलै २०१७ पूर्वी नमुना भरला होता का?

आता जी प्रकरणे हायकोर्टातच राहिली त्यांच्याविषयी. ६ जून २०१८ रोजी सरकारने वटहुकूम काढला. घर घेणाऱ्यांना धनकोचा दर्जा देणारा म्हणून तो गाजला, पण त्यात आपल्या कामाचे एक वाक्य होते. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ४३४ मध्ये अशी तरतूद आली की हायकोर्टात प्रलंबित असलेल्या वाइंडिंग-अपच्या कामातील कोणताही पक्षकार बदलीसाठी अर्ज करू शकतो आणि कोर्ट ते प्रकरण एनसीएलटीकडे पाठवू शकते. "कोणताही पक्षकार" हे शब्द ध्यानात ठेवावेत. याचिका तुम्ही घातली असली तरी बदली दुसरा मागू शकतो, आणि व्यवहारात ती बहुधा बँक मागते.

बदली किती उशिरापर्यंत मागता येते, हे सुप्रीम कोर्टाने १५ डिसेंबर २०२० रोजी ॲक्शन इस्पात विरुद्ध श्याम मेटॅलिक्स या निकालात स्पष्ट केले. याचिका दाखल झालेली असो, वाइंडिंग-अपचा हुकूम झालेला असो, लिक्विडेटरने मालमत्ता ताब्यात घेतलेली असो, तरी बदली होऊ शकते. फक्त घड्याळाचे काटे मागे फिरवता येणार नाहीत असे काही घडून गेले असेल, म्हणजे मालमत्ता प्रत्यक्ष विकली गेली असेल, तर मग हायकोर्टानेच काम पुरे करावे. यामागचा विचार असा की कंपनी जगवता येत असेल तर मरू देऊ नये. विचार चांगला आहे. कंपनी जगल्यावर माझे बिल कोण देणार, हा प्रश्न तरी उरतोच.

आपल्या मुंबईचे उदाहरण घ्या, आणि तेही कापडाच्या गिरणीचे. श्रीराम मिल्स हे नाव जुन्या लोकांना ठाऊक आहे. गिरणीच्या जमिनीवर वरळीला पॅले रॉयाल नावाची उंच इमारत उभी राहू लागली आणि कंपनीचे नाव श्री राम अर्बन इन्फ्रास्ट्रक्चर झाले. या कंपनीविरुद्ध मुंबई हायकोर्टात वाइंडिंग-अपची याचिका दाखल करून घेतली गेली होती. असे असताना स्रेई इक्विपमेंट फायनान्स या वित्तसंस्थेने संहितेच्या कलम ७ खाली स्वतंत्र अर्ज केला. ए. नवीनचंद्र स्टील्स या दुसऱ्या धनकोचे म्हणणे असे की हायकोर्टात काम चालू असताना एनसीएलटीत दुसरे चालू होऊ शकत नाही. १ मार्च २०२१ रोजी सुप्रीम कोर्टाने हे म्हणणे नाकारले. संहितेखालचा अर्ज स्वतंत्र आहे आणि हायकोर्टातील काम त्याला अडवत नाही, असा निकाल झाला. याचा अर्थ, बदली झाली नाही तरी बाजूने दुसरी गाडी येऊन तुमच्या पुढे निघू शकते.

मग बदली झाल्यावर व्यापाऱ्याची जागा कशी बदलते? कोर्टाची इमारत बदलली एवढेच समजून गप्प बसणारा फसतो.

हायकोर्टात तुम्ही याचिकाकर्ते होता. दाखल करून घेण्यापूर्वी कंपनीने तुमचे पैसे दिले की तुम्ही याचिका मागे घेत होता आणि विषय संपत होता. एनसीएलटीत अर्ज दाखल करून घेईपर्यंत हे चालते. दाखल झाल्यावर मात्र प्रकरण तुमचे एकट्याचे राहत नाही, सर्व धनकोंचे होते. कंपनीवरच्या सगळ्या दाव्यांना स्थगिती मिळते, संचालकांच्या हातून कारभार जातो आणि रिझोल्यूशन प्रोफेशनल नावाचा माणूस तो पाहू लागतो. धनकोंची समिती बनली की अर्ज मागे घेण्यासाठी तिच्या ९० टक्के मतांची संमती लागते. त्या समितीत बँका व कर्ज देणाऱ्या संस्था बसतात. माल किंवा मजुरीचे पैसे येणे असलेल्यांना, ज्यांना संहिता ऑपरेशनल क्रेडिटर म्हणते, मत नाही. अशा सर्वांचे मिळून येणे एकूण कर्जाच्या १० टक्के भरले तर त्यांचा प्रतिनिधी बैठकीत बसू शकतो. बसू शकतो, ऐकू शकतो, एवढेच.

पैशाचा क्रम असा. कंपनी विकत घेणारा सापडला तर कायद्याप्रमाणे ऑपरेशनल क्रेडिटरला निदान तेवढे मिळाले पाहिजे जेवढे कंपनी मोडीत काढल्यावर मिळाले असते. ऐकायला बरे वाटते. पण मोडीत काढल्यावर कलम ५३ प्रमाणे आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची २४ महिन्यांची देणी आणि तारण असलेल्या बँका, मग इतर कर्मचारी, मग विनातारण कर्ज देणारे, मग सरकारी देणी, आणि त्याखाली आपण. जुन्या कायद्यातही आपण खालीच होतो. नव्या क्रमात विनातारण कर्ज देणारे सावकारही आपल्या वर गेले आहेत.

कापडाच्या धंद्यातले सर्वांना माहीत असलेले प्रकरण आलोक इंडस्ट्रीजचे. ते वाइंडिंग-अपमधून बदली होऊन आलेले नव्हे, थेट एनसीएलटीचे. जुलै २०१७ मध्ये अहमदाबादच्या खंडपीठापुढे ते सुरू झाले. बँकांचे येणे सुमारे २९,५०० कोटी रुपये होते. रिलायन्स इंडस्ट्रीज व जेएम फायनान्शियल यांची ५,०५२ कोटींची योजना पहिल्या खेपेस पुरेशा मतांअभावी पडली. मग जून २०१८ च्या त्याच वटहुकुमाने मतांची अट ७५ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर आणली आणि योजना पुन्हा मतास येऊन संमत झाली. न्यायाधिकरणाची मंजुरी मार्च २०१९ मध्ये मिळाली. म्हणजे बँकांनीच रुपयामागे सुमारे ८३ पैसे सोडले. तारण हातात असलेल्यांची ही गत, तर सूत आणि रंग उधारीवर देणाऱ्याने किती आशा धरावी याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

एवढे कळल्यावर काही जण म्हणतील, मग या भानगडीत पडावेच कशाला? पडावे लागते, कारण न पडणाऱ्याचे उरलेसुरलेही जाते. कंपनीचे काम एनसीएलटीत दाखल झाले की तीन दिवसांत एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक वृत्तपत्रात जाहीर सूचना निघते आणि दावा सादर करायला साधारण १४ दिवसांची तारीख दिलेली असते. उशिरा आलेला दावाही काही काळ घेतला जातो, पण त्यावर विसंबू नये. आपला दावा 'फॉर्म बी'मध्ये जातो, सोबत बिले, डिलिव्हरी चलने, खाते-उतारा आणि बँकेच्या नोंदी. मजूर व कामगारांसाठी 'फॉर्म डी' आहे. सुप्रीम कोर्टाने १३ एप्रिल २०२१ रोजी घनश्याम मिश्रा अँड सन्सच्या प्रकरणात सांगितले की योजना मंजूर झाली की तिच्यात नसलेले सर्व दावे कायमचे नष्ट होतात. नवा मालक तुम्हाला ओळखही दाखवणार नाही आणि कायदा त्याच्या बाजूने असेल. हायकोर्टात आमची याचिका आहेच, मग पुन्हा दावा कशाला, अशा समजुतीत कोणी राहू नये.

हे वसई-विरारच्या कारागिरांनीही लक्षात घ्यावे. एचडीआयएल ही बांधकाम कंपनी बँक ऑफ इंडियाच्या अर्जावरून ऑगस्ट २०१९ मध्ये एनसीएलटीच्या मुंबई खंडपीठापुढे गेली, आणि महिन्याभरात पीएमसी बँकेचे प्रकरण उघडे पडले, तेव्हा चर्चा घरे घेणाऱ्यांची आणि ठेवीदारांची झाली. बांधकाम कंपनी बुडते तेव्हा सेंटरिंगवाला, सुतार, रंगारी आणि टाइल्स पुरवणारा यांचेही पैसे अडकतात. तोंडी हिशेबावर काम करणाऱ्याला 'फॉर्म बी' भरताना जोडायला कागद सापडत नाही.

आता मुदतीविषयी, कारण बदली झालेल्या प्रकरणात सर्वांत मोठा घाव तेथेच बसतो. आयएलअँडएफएसने २००९ साली एमसीएक्स स्टॉक एक्स्चेंजचे शेअर घेतले होते आणि ते ठरल्या मुदतीत परत विकत घेण्याची हमी ला-फिन फायनान्शियल सर्व्हिसेस या कंपनीने दिली होती. ऑगस्ट २०१२ मध्ये ला-फिनने नकार दिला. आयएलअँडएफएसने जून २०१३ मध्ये मुंबई हायकोर्टात दिवाणी दावा लावला. वाइंडिंग-अपची नोटीस दिली नोव्हेंबर २०१५ मध्ये, आणि याचिका घातली ऑक्टोबर २०१६ मध्ये. ती बदली होऊन एनसीएलटीत गेली, तेथे ऑगस्ट २०१८ मध्ये दाखल करून घेतली गेली, अपिलातही टिकली. पण २५ सप्टेंबर २०१९ रोजी सुप्रीम कोर्टाने ती मुदतबाह्य ठरवली. पैसे थकल्यापासून तीन वर्षे ऑगस्ट २०१५ मध्ये संपली होती. दिवाणी दावा वेळेत होता, पण त्याच्यामुळे वाइंडिंग-अपची मुदत वाढत नाही, आणि उशिरा दिलेल्या नोटिशीने मेलेली मुदत जिवंत होत नाही, असा या निकालाचा सार आहे.

एवढ्या मोठ्या वित्तसंस्थेचे दोनशे कोटींहून मोठे येणे या रस्त्याने अडले, तर दोन-चार लाखांच्या बिलाची काय कथा. तेव्हा आपली याचिका थकबाकीपासून तीन वर्षांच्या आत होती का, हे आज तपासावे. त्या तीन वर्षांत कंपनीने सही करून बाकी मान्य केली असेल, तर त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजतात. कंपनीच्या ताळेबंदातील नोंदही अशी कबुली ठरू शकते, असे सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२१ मध्ये म्हटले आहे. दिवाळीला किंवा मार्चअखेर बाकी-मान्यतेचे पत्र सहीशिक्क्यानिशी घेण्याची जुन्या पेढ्यांची पद्धत आपल्यातल्या तरुणांना कटकट वाटते. तो कागद कधी कधी साऱ्या बिलांपेक्षा जास्त किमतीचा असतो.

दुसरी गोष्ट तक्रारीची. माल हलका निघाला, थान कमी भरले, रंग गेला, असे कंपनीने नोटिशीपूर्वी लिहून कळवले असेल, तर एनसीएलटी "वाद आधीपासून होता" म्हणून ऑपरेशनल क्रेडिटरचा अर्ज परत करते. सुप्रीम कोर्टाचा सप्टेंबर २०१७ चा मोबिलॉक्सचा निकाल असाच आहे. तक्रार खोटी की खरी याची पूर्ण चौकशी तेथे होत नाही. वाद निव्वळ बनाव दिसत नसेल एवढे पुरते. म्हणून डेबिट नोट आली की तिला त्याच आठवड्यात लेखी उत्तर गेले पाहिजे.

नवीन येणे ज्यांचे अडकले आहे त्यांनी एनसीएलटीची फार उमेद धरू नये. सुरुवातीला १ लाख रुपयांच्या थकबाकीवर अर्ज होत असे. २४ मार्च २०२० रोजी ती मर्यादा १ कोटी केली गेली. टाळेबंदीत कंपन्यांना वाचवण्यासाठी हे केले असे सांगण्यात आले, टाळेबंदी उठली, मर्यादा मात्र तशीच राहिली. आपल्यातल्या बहुतेकांच्या हातून तो दंडुका तेव्हाच गेला. जे स्वतः माल बनवतात किंवा जॉबवर्क करतात, म्हणजे लूमवाले, शिलाईवाले, जरीकाम करणारे, त्यांनी उद्यम नोंदणी आधी करून ठेवली असेल तर सूक्ष्म व लघुउद्योग कायदा, २००६ खाली फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जाता येते. तेथे १ कोटीची अट नाही, आणि ४५ दिवसांनंतर बँक दराच्या तिप्पट व्याज दरमहा चक्रवाढीने मागता येते. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या आमच्यासारख्या व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या कर्जापुरती. विलंबित देण्याचा हा लाभ तिच्यात नाही. त्यांना दिवाणी न्यायालयातील समरी सूट किंवा धनादेश परत गेला असल्यास फौजदारी तक्रार हेच मार्ग उरतात. आणि समोरचा ग्राहक कंपनी किंवा एलएलपी नसून साधी पेढी अथवा भागीदारी असेल, तर त्या पेढीविरुद्ध एनसीएलटीचा संबंधच येत नाही.

ज्यांची जुनी याचिका आहे त्यांनी मुंबई हायकोर्टाच्या संकेतस्थळावर कंपनी याचिकेचा क्रमांक टाकून स्थिती पाहावी. क्रमांक नसेल तर पक्षकाराच्या नावानेही शोध घेता येतो. एनसीएलटीच्या संकेतस्थळावर कंपनीच्या नावाने शोधावे. आणि भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळाच्या संकेतस्थळावर जाहीर सूचना असतात, तेथे कंपनीचे नाव व दावा देण्याची शेवटची तारीख मिळते. कोणते खंडपीठ हे कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयावरून ठरते, तुमच्या दुकानावरून नव्हे. महाराष्ट्रातील कंपनी असेल तर मुंबई. सिल्व्हासा किंवा वापीला नोंदलेली असेल तर बोळिंजच्या व्यापाऱ्यालाही अहमदाबादचे खंडपीठ पाहावे लागेल.